वाटणीवरून धरलेला राग कसा सुटला? तुमचे अनुभव

शेतीच्या किंवा घराच्या वाटणीवरून धरलेला अबोला पुष्कळ घरांत पुढच्या पिढीपर्यंत पोहोचतो. ज्यांच्या मनातून तो राग खरोखर उतरला, त्यांनी तो नेमका कशामुळे उतरला हे लिहावे, ही विनंती. उपदेश नको, काय घडले ते सांगावे.

निवृत्त शिक्षिका, सातारा जिल्हा
वडिलांचे, म्हणजे आप्पांचे, दिवसकार्य आटोपते न आटोपते तोच माझ्यापुढे हक्कसोडपत्र आले. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये कायदा बदलून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच हक्क दिला होता, हे मला ठाऊक होते. तरी माहेर तुटेल या धास्तीने दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात मी सही केली. माझा राग मात्र जमिनीपेक्षा दादाच्या "तुला काय कमी आहे?" या वाक्याचा होता, आणि त्यापायी मी कित्येक वर्षे भाऊबीजेला गेले नाही. भावजयीच्या आजारपणात भेट झाली, तेव्हा त्याला त्या वाक्याबद्दल सरळ विचारले. तो म्हणाला, "आप्पांच्या दवाखान्याचं कर्ज माझ्या अंगावर होतं. तुम्हाला कुणाला सांगितलं नव्हतं." झाले ते न्याय्य होते असे मी आजही म्हणणार नाही, पण कारण कळल्यावर ते वाक्य मनात सलेनासे झाले. आता भाऊबीजेला जाते. माझ्या लेकीचा वाटा मात्र मृत्युपत्रात स्पष्ट लिहून ठेवला आहे.

शेतकरी, अहिल्यानगर जिल्हा
चुलतभावाशी आमचे भांडण दोन शेतांमधला बांध कोरण्याचे. शेवटी भूमी अभिलेख कार्यालयात पैसे भरून सरकारी मोजणी मागवली. हद्द निघाली ती चुलतभावाने दाखवलेली नव्हती आणि मी दाखवलेलीही नव्हती. खुणेचे दगड रोवायला गडी आला नाही, म्हणून ते आम्हा दोघांनाच उचलावे लागले. "जपून, बोट सापडंल," हे त्याचे अबोल्यानंतरचे पहिले शब्द. मोजणीची 'क' प्रत, म्हणजे हद्द दाखवणारा सरकारी नकाशा, दोघांच्याही घरी आहे, त्यामुळे वाद घालायला जागाच उरली नाही.

नोकरदार, पुणे
वडील वारल्यावर काकांशी चाललेल्या वाटपाच्या दाव्यात वारस म्हणून माझे नाव लागले आणि दाव्याबरोबर त्यांचा रागही माझ्याकडे आला. वास्तविक काकांनी मला कधी दुखावले नव्हते. लोक अदालतीत तडजोड झाली. तिथल्या निवाड्यावर अपील चालत नाही, याची आधी भीती वाटली होती, पण नेमके तेच उपयोगी पडले, कारण पुढच्या तारखेसाठी मनात राग जपून ठेवण्याची गरज संपली. काकांकडे आता जाणे-येणे आहे.

गृहिणी, रत्नागिरी
वरच्या शिक्षिकाताईंसारखे आमच्यात समोरासमोर बोलणे झाले नाही. दिरांशी आजही बोलणे नाही आणि क्षमा केली असेही म्हणवत नाही. मात्र वाटणीत आलेल्या पडीक वरकस, म्हणजे हलक्या उताराच्या, जमिनीत काजूची कलमे लावली. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात घागरीने पाणी घालून ती जगवली, आणि त्या कामात दिवसभर दिरांचा विचार मनात येईनासा झाला.