ब्राह्मणाच्या हातून न झालेले धर्मकृत्य फळत नाही, हे विधान मला मान्य नाही

करवीरकर:
काल येथे एका सदस्यांनी लिहिले की, ब्राह्मण पुरोहित नसते तर हिंदू धर्म टिकलाच नसता आणि आजही ब्राह्मणाच्या हातून न झालेले धर्मकृत्य फळत नाही. पहिल्या वाक्यावर वाद घालता येईल. दुसरे वाचून मात्र गप्प बसवत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

महाराष्ट्रातले देव कोणाच्या हातून पूजा घेतात, ते आधी पाहू. तुळजाभवानीचे भोपे, म्हणजे पुजारी, मराठा आहेत, जेजुरीच्या खंडोबाची पूजा गुरवांकडे आहे, गावोगावच्या महादेवाला पहाटे पाणी घालणारा गुरवच असतो आणि लिंगायतांच्या घरी त्यांचा पुरोहित जंगम येतो. या साऱ्या पूजा निष्फळ गेल्या असे म्हणायचे असेल तर अर्ध्याहून अधिक महाराष्ट्राची कुलदैवते निकालात काढावी लागतील. पंढरपुरात बडवे आणि उत्पात या ब्राह्मण पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क 1973 च्या कायद्याने गेले आणि जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. त्यानंतर विठ्ठलाची काकडआरती एक दिवसही चुकलेली नाही.

मक्तेदारी होती ती मंत्रांची आणि घरच्या संस्कारांची. 1899 साली कोल्हापुरात पंचगंगेवर कार्तिकस्नानाच्या वेळी शाहू महाराजांसाठी पुराणोक्त, म्हणजे वेदांतले नव्हे तर शूद्रांसाठी ठरवलेले पुराणांतले, मंत्र म्हटले जात होते. राजोपाध्यांनी, म्हणजे राजघराण्याच्या पुरोहितांनी, वेदोक्त मंत्र म्हणण्यास ठाम नकार दिला, 1902 साली त्यांचे वतन गेले, आणि मधल्या काळात टिळकांनी ‘केसरी’तून महाराजांच्या विरोधी बाजूने लिहिले. शिवछत्रपतींच्या वंशातल्या राजाची ही गत, तर कुणब्याला कोण विचारतो? सर्वसामान्यांना तर ग्रामजोशी, म्हणजे गावचा वतनदार पुरोहित, टाळण्याचीही सोय नव्हती. त्याला न बोलावता लग्न लावले तरी तो दक्षिणेसाठी फिर्याद करी. सत्यशोधक पद्धतीने, म्हणजे ब्राह्मण पुरोहिताविना, लग्न लावणाऱ्या ओतूरच्या पाटलांना याच कारणाने कोर्टाची पायरी चढावी लागली. मुंबई इलाख्यात हा हक्क रद्द करणारा कायदा व्हायला 1926 साल उजाडले. जी सेवा न घेताही तिचे पैसे कायद्याने वसूल होत होते, तिला धर्मरक्षण म्हणणे मला जमत नाही.

घनपाठ:
करवीरकर, तुमचे तपशील बरोबर आहेत आणि जोशी वतनाचे समर्थन मीही करणार नाही. पण एक गोष्ट तुम्ही सोयीस्करपणे गाळली. पंचगंगेवर पुराणोक्त मंत्र चालले आहेत हे महाराजांच्या लक्षात आणून देणारे राजारामशास्त्री भागवत ब्राह्मणच होते. 1933 साली पुण्यात देवदास गांधींचा आंतरजातीय विवाह लावणारे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वाईच्या प्राज्ञपाठशाळेत घडले होते. ‘ब्राह्मण’ म्हणून एकच गठ्ठा बांधायचा आणि त्याला झोडपायचे, हे संशोधन नव्हे.

आता वेदांविषयी. वडील दशग्रंथी, म्हणजे वेद-वेदांगांचे दहा ग्रंथ पाठ असलेले, होते आणि मी वेदपाठशाळेतच वाढलो. गुरुजी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून बसत आणि स्वर खाली जायचा तेथे मान खाली दाबत, वर जायचा तेथे उचलत. घनपाठात मंत्रातले शब्द पहिले-दुसरे, दुसरे-पहिले, पहिले-दुसरे-तिसरे, तिसरे-दुसरे-पहिले आणि पुन्हा पहिले-दुसरे-तिसरे, अशी संपूर्ण संहिता म्हणायची असते. पोथी न उघडता हजारो मंत्र एका स्वराचाही फरक न होता आपल्यापर्यंत पोहोचले ते या दाबलेल्या मानांमुळे. 2003 साली युनेस्कोने या परंपरेचा गौरव केला, आपल्या माणसांना मात्र तिची किंमत नाही. आज याच मुलांची लग्ने होत नाहीत. भिक्षुकी करतो म्हटले की मुलीकडची माणसे चहा संपायच्या आत उठतात. माझ्या धाकट्या भावाने अखेर दक्षिणेची पिशवी खुंटीला टांगली आणि बँकेत चिकटला, तेव्हा कुठे त्याला स्थळ आले.

नीरांजन:
घनपाठकाका, मूळ प्रश्न पौरोहित्याच्या अधिकाराचा आहे, स्थळांचा नाही. पण विषय तुम्ही काढलाच आहे तर ऐका. मी पुण्यात पौरोहित्य करते, रीतसर शिकून करते, आणि लग्न, वास्तुशांत, श्राद्ध सगळे सांगते. गेल्या पितृपक्षात एका घरी पिंडदान सुरू असताना यजमानांचे काका पानावरून उठले आणि ‘बाईच्या मंत्राने आमचे पितर जेवणार नाहीत’ असे मला ऐकवून गेले. हे गृहस्थ ब्राह्मणच होते आणि त्यांच्या तिन्ही मुली परदेशात नोकरी करणाऱ्यांना दिलेल्या आहेत. भिक्षुकाला मुलगी नाकारणारे आणि स्त्री पुरोहिताला नाकारणारे हे एकाच घरातले लोक आहेत, त्यांचा राग बहुजनांवर काढू नका.

घनपाठ:
ताई, मी राग काढलेला नाही, वस्तुस्थिती सांगितली. पौरोहित्याचा छोटा अभ्यासक्रम आणि बारा वर्षांचे वेदाध्ययन एका पारड्यात तोलण्याचा आग्रह मात्र मला पटत नाही.

नीरांजन:
तो आग्रह मी धरलेलाच नाही. सत्यनारायण सांगायला दशग्रंथी लागत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. लग्नसराईत एका दिवसात चार-चार ठिकाणी धावणारे, सप्तपदीला घड्याळ बघणारे आणि अर्धे मंत्र गिळणारे गुरुजी मी डोळ्यांनी पाहिले आहेत. त्यांचा अधिकार कोणी तपासत नाही, कारण गळ्यात जानवे असते. माझा प्रत्येक उच्चार तपासला जातो. आणि मुली का देत नाहीत याचे उत्तरही कडू आहे. सोवळ्याओवळ्याचा सगळा भार त्या घरातली सूनच उचलते आणि पाळीच्या दिवसांत तिला बाजूला बसवले जाते. अशा घरात माझी मुलगी मीही देणार नाही.

घनपाठ:
आमच्या घरांविषयी काही माहिती नसताना असले लिहिणे हा अपमान आहे. माझ्या आईने ते सारे आनंदाने केले.

करवीरकर:
दोघांनीही विषयावर यावे, ही विनंती. युक्तिवाद लग्नाच्या बाजाराकडे वळला की मूळ विधान बिनबोभाट सुटून जाते. घनपाठ यांचे एक म्हणणे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. पाठांतराचे ते कष्ट ब्राह्मणांनीच घेतले. पण इतरांना तो दरवाजा बंद होता, म्हणून ते काम त्यांच्याकडेच राहिले, हेही त्याच वाक्यात लिहिले पाहिजे.

बेलपान:
मी गुरव आहे आणि आमचे नाव वर आले म्हणून लिहितो. आजोबा पहाटे पिंडी घासत, बेल आणत, पत्रावळी लावत, सनई वाजवत. श्रावणी सोमवारी गावच्या इनामदारांकडून अभिषेक असला की भटजी येत आणि आजोबांना गाभाऱ्याबाहेर उभे राहायला सांगत. वर्षभर ज्या पिंडीला हात लावायचा तिला त्या दिवशी त्यांचा स्पर्श चालत नसे. उरलेल्या चार गुंठे देवस्थान इनामासाठी आजही आमचे तलाठी कार्यालयात खेटे चालू आहेत, त्याबद्दल ना वेदाभिमानी बोलतात ना सत्यशोधक. करवीरकर, आमचा दाखला देणे सोपे आहे. मराठा भोप्याला जो मान आहे तो गावात गुरवाला मराठ्यांनीही दिलेला नाही.

करवीरकर:
हे खरे आहे आणि माझ्या लेखनात ते यायला हवे होते, एवढे म्हणतो. पण त्याने माझा मुद्दा कमकुवत होत नाही. घनपाठ, एक सरळ प्रश्न. तुम्ही वाढलात त्या पाठशाळेत बेलपान यांच्या घरचा मुलगा प्रवेश मागायला आला तर घेतील का?

घनपाठ:
नाही घेणार. मुंज झालेल्या ब्राह्मण मुलालाच घेतात, आजही. केरळात 2017 साली त्रावणकोर देवस्वम मंडळाने दलितांसह अब्राह्मण पुजारी नेमले, हे तुम्ही आता सांगाल म्हणून मीच सांगतो. मला ते चुकीचे वाटत नाही, कारण त्यांनी परीक्षा घेऊन नेमले. आमच्याकडेही परीक्षा असावी, जात नसावी, हे मी विश्वस्तांसमोर बोलेन. पण बारा वर्षे घर सोडून राहण्याची तयारी आधी दाखवा. नुसत्या हक्काच्या भाषेने संहिता पाठ होत नाही.

बेलपान:
पुतण्या पाचवीत आहे. रुद्राचे, म्हणजे शंकराच्या वैदिक स्तोत्राचे, अकराही अनुवाक (भाग) त्याला मुखोद्गत आहेत, देवळात रोज ऐकून बसले आहेत, स्वरात चुका असतील. त्याच्या आईची त्याला पाठवायची तयारी आहे. पाठशाळेच्या प्रवेशाच्या अटी विश्वस्तांकडून लेखी मागवा आणि येथेच टाका.