कॉफी पिणारे वाढले, की कॅफेत बसणारे?

कोथरूडकर:
आमच्या गल्लीत वर्षभरात तिसरं कॅफे उघडलं आणि लगेच 'पुणेकर चहा सोडून कॉफीकडे वळले' अशा गप्पा सुरू. मला पटत नाही. एका कापुचिनोवर तीन तास लॅपटॉप उघडून बसणारा खुर्ची, एसी आणि वायफाय विकत घेतो. कॅफे कॉफी डेने 1996 मध्ये बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर पहिलं दुकान काढलं, तेव्हाही कॉफीच्या जोडीला इंटरनेट होतंच. खरं गिऱ्हाईक वाण्याकडे इन्स्टंटची पुडी मागणारं.

जायफळवाली:
अर्धं मान्य. आमच्याकडे पाहुणे आले की दुधात साखर घालून उकळायची आणि वर जायफळ किसायचं. आईची छोटी बरणी दोन महिने पुरायची. अशा गिऱ्हाइकाला बी अरेबिका जातीची काय, रोबस्टा जातीची काय!

माटुंग्याचा फिल्टर:
आम्हाला विसरलात की! इथे 'ऐंशी-वीस' म्हटलं की दुकानदार ऐंशी कॉफी, वीस चिकोरी (भाजलेल्या मुळांची भुकटी) अशी पूड समोर दळून देतो. आमच्या घरी आठवड्याला पाव किलो लागते. भाव वाढला की इन्स्टंटवाले चहाकडे पळतात. आम्ही फार तर सत्तर-तीसवर उतरतो. मागणी म्हणतात ती ही.

कोथरूडकर:
सत्तर-तीसवर उतरलात म्हणजे कॉफी कमीच केली की राव! वाढली ती चिकोरीची मागणी. मिश्रणात 49 टक्क्यांपर्यंत ती कायद्याने चालते, पाकिटाची मागची बाजू वाचा.

कोडगूचा जावई:
सासऱ्यांचा मळा आहे. त्यांच्या हिशेबात तुम्ही कुणीच नाही. भारतातली बहुतेक कॉफी बाहेर जाते आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक इटली. एस्प्रेसोवर दाट फेस यावा म्हणून तिथे मिश्रणात आपला रोबस्टा घालतात. 2024 मध्ये व्हिएतनामला दुष्काळ पडला, तिथलं पीक घटलं आणि जगभर रोबस्टा कडाडला. माटुंग्याच्या पुडीला त्याची झळ लागली; त्यात पुण्यातल्या कॅफेंचा काय दोष?

घरी दळणारी:
भाव बाहेर ठरतो, कबूल. पण म्हणून इथलं गिऱ्हाईक बदललंच नाही? मी पाकिटावर मळ्याचं नाव आणि भाजल्याची तारीख बघून घेते, महिन्याला 250 ग्रॅमची दोन पाकिटं. आमच्यासारखे थोडे आहेत, पण चिकमगळूरचे काही मळेवाले आता स्वतःच्या नावाने बिया विकतात, ते आमच्याच जिवावर. आणि कोथरूडकर, मला ही चटक लागली ती कॅफेतच, लॅपटॉप उघडून बसले असताना. खुर्चीचे पैसे अगदीच वाया जात नाहीत.

कोथरूडकर:
शंभरातली एक असाल तुम्ही.

घरी दळणारी:
असेन. पण त्या एकीचं महिन्याचं बिल तुमच्या पुडीवाल्याच्या वर्षाच्या बिलाशेजारी ठेवून बघा.

जायफळवाली:
त्या तारीखवाल्या पाकिटातली कॉफी दुधात उकळून जायफळ घातलं तर चालेल का हो?

घरी दळणारी:
घाला. फक्त मला सांगू नका.