एकांकिकेतील बहिरे आजोबा: ठेवावेत की काढावेत?

तालीमवाला, इंदूर
आमच्या वसाहतीच्या गणेशोत्सवासाठी मी एकांकिका लिहिली आहे. तीत बहिरे आजोबा आहेत आणि निम्मा हशा त्यांच्या भलत्यासलत्या उत्तरांवर अवलंबून आहे. परवा तालमीत सगळे हसले. मात्र कानाला यंत्र लावणाऱ्या आमच्या पेटीवादकांनी मुकाट्याने भाता मिटून ठेवला. तेव्हापासून मनाला रुखरुख आहे. हे पात्र काढून टाकावे काय?

जुना वकील
सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये एका हिंदी चित्रपटाविषयीच्या प्रकरणात अपंगत्वाला हिणवणारा विनोद आणि अपंगत्व समजून घ्यायला लावणारा विनोद असा स्पष्ट भेद केला आहे. म्हणजे विषय वर्ज्य नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यातील कलम ९२ सार्वजनिक ठिकाणी हेतुपुरस्सर केलेल्या अपमानासाठी आहे. आपला तसा हेतू दिसत नाही, तेव्हा कायद्याची धास्ती बाळगू नये.

रामबागकर
मी स्वतः यंत्र वापरतो, म्हणून लिहितो. माझ्यासारख्यांच्या कानातून ‘स’, ‘श’, ‘फ’ ही व्यंजने आधी जातात, स्वर मागे राहतात. इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत गराडूवाल्याने (गराडू म्हणजे तळलेला कंद) ‘साठ’ म्हटले, मला ‘आठ’ ऐकू आले आणि मी दहाची नोट देऊन सुट्ट्या पैशांसाठी हात पुढे केला. हे सांगताना मीच आधी हसतो. आपल्या आजोबांना मात्र लेखकाच्या सोयीने ऐकू येत असावे. ‘औषध घ्या’चे ‘लग्न करा’ कुठलाच कान करत नाही. खरी गंमत निराळी आहे: तीनदा ‘काय?’ विचारल्यावर चौथ्यांदा विचारण्याची लाज वाटते, म्हणून आम्ही अंदाजाने मान डोलावतो. एकदा शेजाऱ्यांनी चोरी झाल्याचे सांगितले आणि मी त्यांचे मनःपूर्वक अभिनंदन केले. तिथे हसणारा माझ्या कानाला हसत नाही, माझ्या सभ्यपणाच्या हट्टाला हसतो, आणि तो हट्ट त्यालाही असतोच. शिवाय समोर येऊन सावकाश बोलण्याऐवजी पाठीमागून ओरडणारा एखादा नातू लिहा. त्याची फजिती पाहायला मी पहिल्या रांगेत बसेन.

तालीमवाला, इंदूर
काल संहिता घेऊन पेटीवादकांकडे गेलो. त्यांनी आजोबांची नऊ वाक्ये खोडली, एक ठेवले आणि एक प्रसंग स्वतः सुचवला: मंडळाच्या अध्यक्षांचे भाषण सुरू होताच आजोबा कानामागचे बटण हळूच दाबून यंत्र बंद करतात आणि शेवटपर्यंत प्रसन्न चेहऱ्याने माना डोलावतात. अध्यक्षांची परवानगी मिळणे तेवढे बाकी आहे.