खोबरेलात जेवण, कोलेस्टेरॉलवाल्यांना चालतं का?

मालवणी_मेवा: आमच्याकडे बांगड्याचं तिखलं, भाजी सगळं खोबरेलातच, आता बाबांचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढलंय तर डॉक्टर म्हणतात तेल बदला आणि युट्यूबवाले म्हणतात खोबरेल म्हणजे अमृत. खरं काय?

सुगरण७७: घाण्याचं घ्या, काही होत नाही. आमची आजी नव्वदी पार करून गेली.

अर्धवट_डाएट: ताई, घाण्याचं असलं तरी ८० टक्क्यांहून जास्त सॅच्युरेटेड फॅटच (एलडीएल वाढवणारी चरबी), लोण्यापेक्षाही जास्त, म्हणून तर थंडीत गोठतं. २०१७ मधे अमेरिकन हार्ट असोसिएशननेपण नको म्हटलेलं. आणि आजी शेतात राबायची हो, आपण खुर्चीत.

मालवणी_मेवा: पण वासाशिवाय बाबा जेवतच नाहीत 😅

अर्धवट_डाएट: मग वरून अर्धा चमचा, बाकी शेंगदाणा तेल. वाटपातलं खोबरंपण मोजा बरं का!