मदत हवी आहे: दूध केंद्राच्या टीव्हीवर मध्येच पांढरा चौकोन आणि लाल फुली येते – सी शार्प, विनफॉर्म्स

नमस्कार मंडळी,

तीन आठवडे एकाच जागी अडकलोय. जरा लांबण लावून लिहितो, कारण चूक नेमकी कुठे आहे तेच कळत नाहीये. एखादा तपशील गाळायचो आणि नेमका तोच कामाचा निघायचा.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या दूध संस्थेसाठी मी संकलनाचा प्रोग्राम लिहिलाय. भाषा सी शार्प, खिडक्या-बटणांसाठी विनफॉर्म्स, डॉटनेट फ्रेमवर्क ४.८, विंडोज १०. टेबलावर लॅपटॉप असतो, त्यावर सचिव सभासदाचा कोड टाकतात. काट्याची केबल सिरियल पोर्टला येते. लॅपटॉपला एचडीएमआयने ३२ इंची टीव्ही जोडलाय, तो रांगेकडे तोंड करून भिंतीवर आहे. त्यावर सभासदाचं नाव, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) आणि दर एवढं मोठ्या अक्षरात दिसतं.

हा टीव्ही मीच आग्रह धरून लावायला लावला. पूर्वी माप फक्त आत बसलेल्या माणसाला दिसायचं, बाहेरच्याने पावतीवर येईल ते घ्यायचं. फॅट एका पॉइंटने खाली आली तरी दर बदलतो, त्यामुळे रांगेतल्या प्रत्येकाची नजर त्या आकड्यावर असते. म्हणून तो आकडा स्थिर आणि स्वच्छ दिसायलाच हवा.

परवा संध्याकाळी एका मावशींची किटली काट्यावर होती. लिटरचा आकडा ६.४ वर थांबला आणि तेवढ्यात टीव्हीवर पांढरा चौकोन आला, त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल फुली. मावशी घाबरून म्हणाल्या, "माझं दूध नापास झालं व्हय?" दुधात काही नव्हतं, चूक माझ्या कोडात होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता आतापर्यंत काय काय केलंय ते सांगतो.

सुरुवातीला पॅनेलवर (फॉर्मच्या, म्हणजे खिडकीच्या, एका भागावर) क्रिएटग्राफिक्स घेऊन थेट काढत होतो. खिडकी मिनिमाइझ करून परत आणली की सगळं पुसलेलं. वाचल्यावर कळलं की असं काढलेलं विंडोज लक्षात ठेवत नाही, पुन्हा काढायची वेळ आली की ते फक्त पेंट इव्हेंट पाठवतं. मग सगळं काढकाम पेंट इव्हेंटमध्ये नेलं. पुसलं जाणं थांबलं, पण आकडा लुकलुकायला लागला. काटा सेकंदाला आठ-दहा वेळा वजन पाठवतो आणि तितक्याच वेळा अख्खं पॅनेल पांढरं होऊन परत भरायचं.

फॉर्मचं डबलबफर्ड ट्रू केलं. काडीचा फरक पडला नाही.

शेवटी एक बिटमॅप, म्हणजे मेमरीतलं चित्र, क्लासमध्येच धरून ठेवला. वजन आलं की त्या बिटमॅपवर सगळं काढतो आणि तोच बिटमॅप पिक्चरबॉक्स या चित्र दाखवणाऱ्या कंट्रोलमध्ये दाखवतो. लुकलुकणं पूर्ण थांबलं. आणि तेव्हापासून ही लाल फुली. कधी वीस मिनिटांत येते, कधी दोन तास काही होत नाही. एकदा आली की प्रोग्राम बंद करून चालू केल्याशिवाय जात नाही. बाकी प्रोग्राम व्यवस्थित चालतो, पावत्या निघतात, फक्त तो पिक्चरबॉक्स मेलेला असतो.

घरी एकदाही आली नाही. रात्रभर चालू ठेवून पाहिलं.

दुसरा त्रास मराठी नावांचा. 'कीर्ती'चा रफार आणि वेलांटी वरून कापली जाते, 'दत्तू', 'बापू' यांचे ऊकार खालून. हेही केंद्रावरच होतं, घरी नावं पूर्ण दिसतात. शिवाय टीव्हीवर अक्षरं थोडी पुसट, धुक्यातून बघितल्यासारखी वाटतात.

कुणी या वाटेने गेलं असेल तर कृपया सांगा. लाल फुली आधी घालवायची आहे, बाकीचं मागून झालं तरी चालेल.

प्रतिसाद १

लाल फुली म्हणजे त्या कंट्रोलच्या ऑनपेंटमध्ये, म्हणजे तो स्वतःला काढतो त्या फंक्शनमध्ये, एक्सेप्शन (चालता चालता आलेली चूक) आलं. विनफॉर्म्स अशा वेळी कंट्रोलच्या जागी पांढऱ्यावर लाल फुली काढतं आणि पुढे त्या कंट्रोलचं ऑनपेंट बोलवतच नाही. म्हणून बंद करून चालू करावं लागतं.

पण एक्सेप्शन आलं तर चुकीची चौकट दिसायला हवी होती. ती का दिसत नाही? तुम्ही कुठे गिळताय का ती?

आणि टास्क मॅनेजरमध्ये तपशिलाच्या टॅबवर जीडीआय ऑब्जेक्ट्स (चित्र काढण्यासाठी विंडोजकडून घेतलेल्या वस्तू) हा कॉलम चालू करून बघा. एका प्रोसेसला मुळात १०,००० ची मर्यादा असते. आकडा सतत चढत असेल तर ग्राफिक्स किंवा गेटएचबिटमॅपने घेतलेलं काहीतरी तुम्ही परत करत नाही आहात.

धागालेखक

जीडीआय ऑब्जेक्ट्स आज सकाळच्या पूर्ण पाळीत ९० ते १०० च्या दरम्यान होते, चढले नाहीत. तेव्हा ते कारण नसावं.

चौकटीबद्दल तुम्ही बरोबर ओळखलंत. लोकांसमोर टीव्हीवर इंग्रजी चौकट येऊ नये म्हणून मी ॲप्लिकेशनच्या थ्रेडएक्सेप्शनला एक रिकामं फंक्शन जोडलं होतं. वजन वाचण्याच्या कोडातही रिकामा कॅच (चूक पकडून तशीच सोडून देणारा भाग) आहे. आज दोन्ही ठिकाणी चूक फाइलमध्ये लिहायला लावली. संध्याकाळच्या पाळीत फुली आली तेव्हा फाइलमध्ये हे सापडलं: "ऑब्जेक्ट इज करंटली इन यूज एल्सव्हेअर" (ही वस्तू आत्ता दुसरीकडे वापरात आहे). फुलीच्या आधी वजन वाचण्याच्या कोडातून हीच ओळ पाच वेळा आली होती, तेव्हा टीव्हीवर काहीच वावगं दिसलं नव्हतं.

प्रतिसाद २

एक विचारतो. घरी काटा नसेल ना? मग घरी वजन कुठून येतं?

धागालेखक

घरी फॉर्मवर टायमर ठेवलाय, तो दर १०० मिलिसेकंदाला एक खोटं वजन देतो. पुढचं सगळं कोड तेच. बिटमॅपवर काढतो आणि शेवटी पिक्चरबॉक्सचं इनव्हॅलिडेट (पुन्हा काढ असं सांगणं) बिगिनइन्व्होकमधून (काम मुख्य थ्रेडकडे, म्हणजे खिडकी सांभाळणाऱ्या कामाच्या धाग्याकडे, सोपवून) करतो, कारण ते थेट केलं की डीबगर थ्रेडची चूक दाखवायचा.

प्रतिसाद २

मग सापडलं. विनफॉर्म्सचा टायमर मुख्य थ्रेडवरच टिक करतो. पेंटही त्याच थ्रेडवर होतं. एक संपल्याशिवाय दुसरं सुरू होत नाही, म्हणून घरी वर्षभर चालवलंत तरी फुली येणार नाही. सिरियल पोर्टचा डेटारिसिव्ह्ड इव्हेंट मात्र वेगळ्या थ्रेडवर येतो. केंद्रावर काय होतं बघा: तो थ्रेड बिटमॅपवर आकडा काढत असतो आणि त्याच क्षणी मुख्य थ्रेड तोच बिटमॅप टीव्हीवर दाखवायला घेतो. जीडीआय प्लसला एक बिटमॅप एका वेळी दोघांनी धरलेला चालत नाही. जो उशिरा पोचतो त्याला एक्सेप्शन मिळतं.

उशिरा पोचणारा वजनाचा थ्रेड असला तर तुमचा रिकामा कॅच ते गिळतो आणि एक वजन काढायचं राहतं, ते कुणाच्या लक्षातही येत नाही. तुमच्या फाइलमधल्या त्या पाच ओळी याच. उशिरा पोचणारा मुख्य थ्रेड असला की फुली. गाठ कधी पडेल याचा नेम नाही, म्हणून कधी वीस मिनिटं आणि कधी दोन तास.

इनव्हॅलिडेटला डीबगरने हरकत घेतली म्हणून तुम्ही तेवढं बिगिनइन्व्होकमध्ये नेलंत. बिटमॅप हा कंट्रोल नाही, त्याला कुठल्या थ्रेडने हात लावला हे तिथे कुणी तपासत नाही, म्हणून खरी चूक दबून राहिली.

लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) लावायच्या भानगडीत पडू नका. पिक्चरबॉक्स आपलं चित्र स्वतःच काढतो, तिथे तुमचं लॉक पोचत नाही. बिटमॅपच काढून टाका, तुम्हाला त्याची गरज नाही. फॉर्मचं डबलबफर्ड लावून फरक पडला नाही, कारण तो गुण फक्त फॉर्मच्या स्वतःच्या पृष्ठभागाला लागतो, त्यावर ठेवलेल्या पॅनेलला नाही. आणि साध्या पॅनेलवर तो बाहेरून लावता येत नाही, प्रोटेक्टेड आहे. पॅनेलपासून स्वतःचा एक क्लास काढा, त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये डबलबफर्ड ट्रू करा, आणि सगळं काढकाम त्याच्या ऑनपेंटमध्ये ठेवा. लुकलुकणं यायचं ते आधी पार्श्वभूमी पुसायची आणि मग वर काढायचं या दोन पायऱ्यांमुळे. डोळ्याला मधली पांढरी पायरी दिसते. डबलबफर्ड असलं की दोन्ही पायऱ्या आधी मेमरीत होतात आणि तयार चित्र एकदम पडद्यावर येतं.

डेटारिसिव्ह्डमध्ये फक्त वजन वाचा. बिगिनइन्व्होकने ते मुख्य थ्रेडला द्या. तिथे जुन्या वजनाशी ताडून बघा, बदललं असेल तरच इनव्हॅलिडेट, तेही फक्त लिटरच्या चौकोनापुरतं. नाव, फॅट, दर यांना हात लावायचं कारण नाही.

दोन गोष्टी जपा. बिगिनइन्व्होकच वापरा, इन्व्होक नको. प्रोग्राम बंद करताना मुख्य थ्रेड पोर्ट बंद व्हायची वाट बघतो आणि वजनाचा थ्रेड इन्व्होक पूर्ण व्हायची, दोघेही तसेच अडकून बसतात. दुसरं, डेटारिसिव्ह्ड आला म्हणजे पूर्ण ओळ आली असं नसतं. १२.४ मधलं नुसतं २.४ हातात पडू शकतं. ओळ संपल्याची खूण येईपर्यंत साठवा आणि मगच आकडा समजा. तुमच्या रांगेतल्या माणसाच्या दृष्टीने हे फुलीपेक्षाही महत्त्वाचं आहे.

प्रतिसाद ३

नावांबद्दल मी सांगते, बँकेच्या पासबुक प्रोग्राममध्ये हेच भोगलंय. फॉन्ट कुठला लावलाय? आणि लॅपटॉपचं डिस्प्ले स्केल किती आहे?

धागालेखक

ताई, फॉन्ट एरियल, २४ पॉइंट. ड्रॉस्ट्रिंगने काढतो, प्रत्येक ओळीला ४४ पिक्सेलचा चौकोन. लॅपटॉप १२५ टक्के, टीव्ही १०० टक्के. घरचा पीसी १०० टक्के. मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रामच्या माहितीच्या फाइलमध्ये) डीपीआय अवेअर, म्हणजे स्केल प्रोग्राम स्वतः सांभाळेल, हे ट्रू आहे.

प्रतिसाद ३

दोन कारणं एकत्र आलीत.

एरियलमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. विंडोज ती गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधून आणतं, पण ओळीची उंची तुम्ही एरियलच्या हिशेबाने धरलीत. आपल्या लिपीला वर रफार, वेलांटी, मात्रा आणि खाली उकार, ऋकार अशी दोन्हीकडे जागा लागते. सरळ निर्मला यूआय लावा, तो विंडोज १० मध्ये असतोच. मंगलवर विसंबू नका, विंडोज १० मध्ये तो वेगळ्या पुरवणी फॉन्टच्या गठ्ठ्यात गेलाय, प्रत्येक मशीनवर असेलच असं नाही.

दुसरं, पॉइंट आणि पिक्सेल यांची मिसळ. २४ पॉइंट म्हणजे १०० टक्क्यांवर ३२ पिक्सेल, १२५ टक्क्यांवर ४०. तुमचा चौकोन मात्र दोन्हीकडे ४४ चाच. घरी ३२ च्या अक्षराला ४४ ची ओळ पुरली, केंद्रावर ४० च्या अक्षराला ती अपुरी पडली. ४४ हा आकडा कोडातून काढून टाका. टेक्स्टरेंडररच्या मेझरटेक्स्टने उंची मोजा आणि त्याच्याच ड्रॉटेक्स्टने काढा. मोजायला एक आणि काढायला दुसरं असं करू नका, दोघांचे हिशेब वेगळे असतात. तपासायला कीर्ती, शौर्य, कृष्णा, दत्तू ही नावं ठेवा. ही चारही पूर्ण दिसली की बहुतेक नावं दिसतात.

पुसटपणाही स्केलचाच. तुमचा प्रोग्राम लॅपटॉपच्या १२५ च्या मापाने काढतो आणि विंडोज ते तयार चित्र टीव्हीसाठी आकसून देतं. आत्तापुरतं लॅपटॉपही १०० टक्क्यांवर आणा आणि साइन आउट करून परत या. पुढे सवडीने पर मॉनिटर व्ही टू (प्रत्येक पडद्याच्या स्केलप्रमाणे काढणं) कडे वळा, विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून ते आहे आणि फ्रेमवर्क ४.७ पासून विनफॉर्म्सलाही चालतं.

धागालेखक

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ मिळून सहा पाळ्या झाल्या. फुली एकदाही नाही, फाइलमध्ये एकही ओळ नाही. आधी घरच्या टायमरच्या जागी वेगळ्या थ्रेडवरून वजन पाठवून जुनं कोड चालवलं, तर घरीही बारा मिनिटांत फुली आली. ती बघूनच बिटमॅप काढला.

अर्धवट ओळीचं तुम्ही सांगितलंत ते फार बरं झालं. जुनं कोड दिवसभराची वजनं फाइलमध्ये लिहून तपासलं, त्यात दोनदा पहिला अंक गळलेला सापडला. काटा लगेच पुढचं वजन पाठवतो म्हणून पावतीवर चुकीचं गेलं नाही, पण टीव्हीवर क्षणभर नक्की दिसलं असणार. आता पूर्ण ओळ आल्याशिवाय आकडा बदलतच नाही.

नावं पूर्ण दिसतात. त्या मावशी काल आल्या होत्या, त्यांना फुलीचं कारण समजावून सांगितलं.

एकच राहिलंय. सचिव कधी खिडकी ओढून मोठी करतात, तेव्हा नवी उघडलेली पट्टी तेवढी नीट येते आणि मधला आकडा जुन्याच जागी राहतो, त्यामुळे तो मधोमध दिसत नाही.

प्रतिसाद २

आकार वाढला की विंडोज फक्त नव्याने उघडलेला भाग काढायला सांगतं. ज्या कन्स्ट्रक्टरमध्ये डबलबफर्ड लिहिलंत तिथेच खाली रिसाइझरीड्रॉ ट्रू करा, म्हणजे आकार बदलला की सगळं पुन्हा काढलं जाईल.

धागालेखक

केलं, घरी चाललं. केंद्र सहाला उघडतं, आता तिकडेच निघालोय. टीव्हीवर बघून लिहितो.