नृत्य, संशोधन आणि धंदा: एक सोडायलाच हवं का?

कृष्णाकाठ: लेक सांगलीत बीएस्सीला आहे. सकाळी मातीतल्या जिवाणूंवर प्रकल्प, संध्याकाळी भरतनाट्यम्, आणि मैत्रिणीबरोबर नाचणीचे लाडू विकते. दिवाळीत ४० किलो गेले! आता सगळे म्हणतात, एक काहीतरी धर. रात्री साडेअकराला ती पाकिटांवर लेबलं चिकटवते तेव्हा माझा जीव तुटतो, पण थांब म्हणायला जीभ रेटत नाही. काय करू?

घुंगरू: ताई, नर्तकी मल्लिका साराभाईंकडे बघा. १९७४ मध्ये अहमदाबादच्या आयआयएममधून एमबीए, १९७६ मध्ये गुजरात विद्यापीठाची डॉक्टरेट. पुढे प्रकाशनसंस्थेच्या सहसंस्थापक झाल्या, दिग्दर्शक पीटर ब्रूक यांच्या ‘महाभारत’ नाटकात द्रौपदी रंगवली, आईने १९४९ मध्ये सुरू केलेली ‘दर्पण’ ही कलासंस्थाही सांभाळली. घरची साथ मोठी होती, हे मात्र खरं. तुमच्या लेकीला ती साथ तुम्हीच द्यायची.

जुना प्रेक्षक: डॉ. लागूंनी कान-नाक-घशाची डॉक्टरकी आणि नाटक वर्षानुवर्षं बरोबरीनं केलं. पूर्णवेळ रंगभूमीवर आले ते १९६९ मध्ये, बेचाळिशीत. तुमची मुलगी तर अजून विशीतही नसेल.

कृष्णाकाठ: एकोणीस पूर्ण. आज तिलाच विचारलं. म्हणाली, “आई, परीक्षेच्या महिन्यात लाडू बंद ठेवते, पण नाच नाही.” लेबलं आता मी चिकटवणार.