'निसर्गवादी' नाटकात निसर्ग कुठे असतो?

प्रश्न : विजय तेंडुलकरांच्या 'गिधाडे'वरच्या एका लेखात 'हे निसर्गवादी नाटक' असं वाचलं आणि अडखळले. निसर्ग म्हटलं की मला बालकवी आठवतात. या नाटकात दारू, शिव्या, पैशासाठी बापाला मारहाण आणि गर्भार बहिणीच्या पोटात लाथ. सरळ 'वास्तववादी' का म्हणत नाहीत?

• निसर्ग म्हणजे झाडं-डोंगर हा अर्थ आता रूढ झालाय खरा, पण संस्कृतात निसर्ग म्हणजे उपजत स्वभावसुद्धा. 'तो निसर्गतःच भित्रा' म्हणतो तेव्हा आपल्या मनात कुठे डोंगर असतो? हिंदीवाले 'प्रकृतवाद' म्हणतात, तिथेही प्रकृती म्हणजे मूळ स्वभावच. फ्रान्समध्ये कादंबरीकार एमिल झोलाने हा विचार (इंग्रजीत 'नॅचरलिझम') मांडला : माणूस आनुवंशिकतेने आणि परिस्थितीने घडतो, लेखकाने त्याला शास्त्रज्ञाच्या नजरेनं तपासावं. १८८८ साली स्वीडिश नाटककार स्ट्रिंडबर्गने 'मिस ज्यूली' या नाटकाच्या उपशीर्षकातच 'निसर्गवादी शोकांतिका' असं लिहून टाकलं. ढोबळ फरक असा, की वास्तववाद 'असं असतं' म्हणतो आणि निसर्गवाद 'असंच होणार होतं' म्हणतो. 'गिधाडे'त बापाने, म्हणजे पप्पांनी, आपल्या भावाला धंद्यातून फसवून बाहेर काढलंय. त्यांची मुलं रमाकांत-उमाकांत बापाच्या मुळावर उठतात ते त्याचंच रक्त म्हणून.

• इथवर मान्य. पण मग रजनीनाथाचं काय? पप्पांचा हा अनौरस मुलगा चक्क कवितेत बोलतो! वर पार्श्वभूमीला गिधाडांचे चीत्कार. झोलाने नाक मुरडलं असतं. आशयाला 'निसर्गवादी' म्हणा, रचनेला नको. 'अतिवास्तववादी' (सर्रिअलिस्ट) तर अजिबात नको, तो शब्द स्वप्नं-बिप्नं रंगवणाऱ्या वेगळ्याच मंडळींचा आहे. आपल्याकडे 'फारच वास्तव' अशा अर्थाने तो सर्रास ठोकून देतात.

• शब्दाची खरी फजिती प्रयोगात झाली. नाटक १९६१ चं, रंगमंचावर यायला १९७० उजाडलं. दिग्दर्शक श्रीराम लागू. गर्भार बहीण माणिक, तिच्या साडीवरचा रक्ताचा डाग परिनिरीक्षण मंडळाला (सेन्सॉरला) चालेना, म्हणून तो निळा केला आणि 'हा निळा डाग लाल समजावा' असं प्रेक्षकांना आधीच सांगून टाकलं. म्हणजे निसर्गवादी नाटकात रक्त निळं! सगळ्यांचे डोळे त्या डागावरच खिळले असणार, लाल असता तर कदाचित इतके खिळलेही नसते.

प्रश्नकर्ती : आणि लेखकाचा हेतू? माझे काका अजून म्हणतात, नुसता भडकपणा, लोकांना धक्का द्यायला लिहिलेलं.

• काकांना एक विचारा, धक्काच द्यायचा तर कुणी नऊ वर्षं वाट बघेल का? अर्थात उलट बाजूचे लोकही घोटाळा करतात. तेंडुलकरांनी पुढे सत्तरच्या दशकात नेहरू फेलोशिप घेऊन समाजातल्या हिंसेचा अभ्यास केला, तो दाखला देऊन 'हे नाटक म्हणजे हिंसेचा शास्त्रशुद्ध अभ्यास' असं ठोकून देतात. अहो, नाटक आधीचं, फेलोशिप नंतरची! 'हेतू' हा शब्दच मी जपून वापरतो. लेखकाच्या मनात काय होतं तो हेतू, नाटकातून आपल्यापर्यंत काय पोचतं तो आशय. भांडण आशयावर करावं, तिथे निदान संहिता उघडून दाखवता येते. आणि त्यात रमाकांतची बायको रमा आहे. अख्ख्या घरात एकटी रमाच मायाळू, मूल व्हावं म्हणून झुरणारी. नुसता भडकपणा हवा असता तर ही बाई कशाला लिहिली?

• जाता जाता पक्ष्यांच्या बाजूने एक तक्रार. गिधाड मेलेल्या जनावरावर जगतं, धडधाकट जिवाचे लचके तोडत नाही. हे भाऊ तर जित्या बापाचे तोडतात.

प्रश्नकर्ती : म्हणजे निसर्गाची चूक थेट शीर्षकातच!